खोबरेल प्यालेलं मशीन

मला शिवता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मग ते मशीन हवं कशाला होतं, असं पुढे कुणी विचारायला नको. साडीचा फॉलसुद्धा मी बाहेर देते. मी लावलेलं बटण दोन धुण्यांत निघतं. तरीही आईच्या शिवणाच्या मशीनसाठी मी तीस वर्षं मनात कुढत होते, आणि ते माझ्या घरी आलं त्या दिवशी जिना चढताना चक्क गुणगुणत होते.

कुढण्याचं कारण माझी वहिनी. दादाची नोकरी मुंबईला, आणि वहिनी इथे आईजवळ, भाट्याच्या पुलापलीकडच्या आमच्या घरात. मी लग्न होऊन गेले ती काही फार लांब नाही, खाडीच्या अलीकडे नाचणे रोडला. मधे एक पूल. पण त्या पुलापलीकडे आत्ता काय चाललं असेल, ह्या विचारात माझं निम्मं आयुष्य गेलं.

आई शिवणकाम करायची. आजूबाजूच्या बायकांचे ब्लाऊज, शाळेचे खाकी आणि निळे गणवेश, गणपतीच्या मखराचे पडदे. लहानपणी मी त्या मशीनला हात लावला की हातावर फटका बसायचा. "तू अभ्यास कर. हे तुझं काम नव्हे." मी मुकाट्याने अभ्यास केला, सरकारी कचेरीत चिकटले आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. आणि वहिनी लग्न होऊन आली त्या पहिल्याच पावसाळ्यात आईनं मशीनशेजारी एक स्टूल ठेवलं. "बस गो. काजं करायला घे."

पुढे मी कधीही माहेरी गेले तरी त्या दोघी तशाच शेजारी शेजारी. एकीनं कापड सरकवायचं, दुसरीनं दोरा तोडायचा. बोलणं जवळजवळ नाहीच. आई हात पुढे करायची आणि वहिनी नेमकी कात्री त्यात ठेवायची. दोन माणसं न बोलता काम करताहेत, ह्यात एखाद्याच्या डोळ्यांत खुपण्यासारखं काय आहे? पण मला खुपायचं. मी पिशवीतून आणलेली बिस्किटं टेबलावर ठेवायची आणि खुर्ची ओढून समोर बसायची, पाहुणीसारखी.

नणंदा-भावजयांचं पटत नाही म्हणतात. आमचं पटायचं, आणि तेच खरं दुखणं होतं. वहिनीत भांडण काढण्यासारखं काही सापडायचंच नाही. मी चार तिरके शब्द टाकले तरी ती "असेल हो वन्सं" म्हणून मोकळी. एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात ते मी किती वर्षं अनुभवलं, माझं मला ठाऊक.

आईला जाऊन दोन वर्षं झाली. न्हाणीघरात घसरून पडली आणि चार दिवसांत गेली. मशीन अर्थातच वहिनीकडे राहिलं. ते मागायला गेले तर काय बोलायचं, ती काय म्हणेल, त्यावर मी काय म्हणायचं, ह्याची सगळी तयारी मी मनात करून ठेवली होती. आणि गेल्या वैशाखात वहिनीचाच फोन आला.

"वन्सं, आईंचं मशीन नेता का? जाम झालंय. मी आपलं विजेवरचं घेतलंय, माझं काम काही अडत नाही."

जास्तीची आमसुलं द्यावीत तसं दिलं तिनं. आनंद झालाच, पण रागही आला. आईची वस्तू, आणि हिला तिची एवढीच किंमत? मी मागून, भांडून, रडून घ्यायला तयार होते. फुकट मिळाल्यावर माझी सगळी तयारीच वाया गेली.

हॉलमध्ये खिडकीपाशी मशीन ठेवलं. चाक तसूभर हलत नव्हतं. आमचे हे म्हणाले, "बरं आहे की. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायची सोय झाली."

मी ठरवलं, हे मशीन असं चालतं करायचं आणि त्याचं असं मोल काढायचं की वहिनीच्या विजेवरच्या मशीनला लाज वाटावी. आमच्या घरातली गोष्ट अशी, की आईचे वडील बोटीवर खलाशी होते आणि त्यांनी विलायतेहून नवंकोरं मशीन आणून लेकीला लग्नात दिलं. पण कुठल्या कंपनीचं, कधीचं, हे कुणाला माहीत नाही. सोनेरी अक्षरं होती, ती आईच्या हाताखाली घासून गेली होती. दोन-तीन अक्षरांचे शेंडे तेवढे दिसत होते. मोबाइलवर बघून मला कळलं की असल्या मशीनच्या उजव्या कोपऱ्यात आकडा कोरलेला असतो. तिथे बघते तर तांबडा-काळा जाड थर. आई दर खंडेनवमीला मशीनची पूजा करायची, झेंडूची माळ घालायची आणि हळदकुंकू लावायची ते नेमकं त्याच कोपऱ्यात. इतक्या वर्षांचं कुंकू आणि तेल मिळून तिथे खपली धरली होती.

रॉकेल आता मिळत नाही म्हणून डिझेलमध्ये चिंधी बुडवली आणि आगकाडीनं मी ते खरवडून काढलं. काढताना हात जरासा अडखळला, पण थांबला नाही. खाली आकडा स्वच्छ निघाला. शिवाय पत्रा सरकवल्यावर आत नेहमीची गोल बॉबिनची डबी नव्हती, होडीच्या आकाराचं लांबट शटल होतं. असली मशीनं फार जुनी असतात. आकडा, शटल आणि अक्षरांचे शेंडे ह्या तिन्हींची दोन दिवस जुळवाजुळव केली आणि छडा लागला. मशीन विलायती होतं ते खरंच. पण ते आईच्याही जन्माच्या आधीचं होतं. म्हणजे आजोबांनी लग्नात दिलेलं नवंकोरं मशीन आधीच कुणीतरी वापरून जुनं केलेलं.

हे मी वहिनीला सांगितलं नाही. फोन करून एवढंच सांगितलं, की फार जुनं आहे, आता असली बघायला मिळत नाहीत, जाणकार माणसं शोधत हिंडतात. तिला थोडी तरी हळहळ वाटावी एवढीच माझी अपेक्षा. पलीकडून आवाज आला, "हो का? बरं झालं तुमच्याकडे गेलं ते." फोन फुकट गेला.

मग मी मशीनचं डोकं स्टँडवरून उतरवलं, जुन्या चादरीत गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन रिक्षानं बाजारपेठेत नेलं. तिथे एका बोळात मशीन दुरुस्त करणारे एक म्हातारे मेस्त्री बसतात. चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली, पण बोटं तरण्या माणसाची. त्यांनी मशीन आडवं केलं, एका भोकात तार घातली, तारेला लागलेला पिवळट चिकटा बोटावर घेतला आणि हुंगला.

"खोबरेल," ते म्हणाले. "कुणीतरी डोक्याचं तेल घातलंन ह्याला."

"मशीनला?"

"आपल्याकडं घालतात हो बाई. मशीनचं तेल संपलं की बाया हाताशी असेल ते घालतात, आणि हाताशी काय, तर खोबरेल. दोन दिवस मशीन फुलासारखं चालतं. मग आतल्या आत त्याचा डिंक होतो." त्यांनी पुन्हा तार फिरवली. "हे तर एकदा-दोनदा नव्हे. प्यालंय मशीन खोबरेल. सगळं खोलून भिजत घालायला लागेल. गणपती होऊ देत, मग या."

घरी येताना मी पायी आले. रिक्षात बसून राहवेना इतका आनंद झाला होता. तीस वर्षं मी वहिनीची एक चूक शोधत होते आणि ती आता माझ्या हातात होती. आईची लाडकी, आईच्या उजव्या हाताशी बसणारी, आणि तिला एवढं कळू नये?

गणपतीत आम्ही सगळे पुलापलीकडच्या घरी. दादा मुंबईहून आलेला, मावशी आलेली, दोघी चुलतबहिणी. स्वयंपाकघरात आम्ही बायका मोदक करायला बसलो होतो. मी विषय काढला. काढला म्हणजे काय, घरून निघतानाच तोंडात धरून आणला होता.

"आईचं मशीन दुरुस्तीला दिलंय," मी मावशीला म्हटलं. "मेस्त्री म्हणाले, कुणीतरी खोबरेल ओतून ओतून त्याची वाट लावलीय. आईनं जन्मभर जपलं होतं."

"काय सांगतेस गो!" मावशी म्हणाली आणि तिनं वहिनीकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

वहिनी हातातल्या पारीला कळ्या पाडत होती. तिनं तो मोदक मिटला, केळीच्या पानावर ठेवला. "हो. चुकलं माझं," ती म्हणाली. "मशीनचं तेल संपलं होतं."

"एवढी वर्षं शिवतेस तू, तुला कळायला नको?" मावशी म्हणाली.

 वहिनीनं पुढची पारी हातात घेतली. मी त्या दिवशी सात मोदक खाल्ले.

विसर्जन झालं, पुढे दहाएक दिवस गेले आणि मेस्त्रींचा फोन आला. गेले तर मशीन वर्तमानपत्रावर सुटं करून मांडलं होतं. बरेचसे भाग घासूनपुसून लख्ख झाले होते. मेस्त्रींनी चिमटीत एक बारीक पिवळा स्क्रू धरला होता.

"बाकीचे सगळे लोखंडाचे आहेत. हा एकच पितळेचा," ते म्हणाले. "ह्या मशीनचा आटा वेगळा असतो, बाजारातला स्क्रू बसत नाही. हा मी माझ्या हातानं कातलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे हे मशीन मी ओळखतो. भाट्याच्या पुलापलीकडं, अंगणाभोवती चिऱ्याचा गडगा असलेलं घर. तिथं जाऊन मी हे उघडलंय. तीनदा, का चारदा." मग त्यांनी मान हलवली. "तुम्ही आणलंत तेव्हाच ओळखलं असतं. पण ह्या कोपऱ्यात हे एवढं कुंकू होतं, ते कुणीतरी काढलंन."

कुणी काढलं ते मी सांगितलं नाही. ते घर माझ्या आईचं हेही नाही. मी नुसतं विचारलं, "तीनदा कशाला उघडावं लागलं?"

"आजी होत्या तिथं एक. विसरायला झालं होतं त्यांना. सकाळी उठल्या की देवाजवळची खोबरेलाची बाटली घ्यायच्या आणि मशीनला घालायच्या. घातलंय हे विसरायच्या, की परत घालायच्या. मग त्यांची सून मला बोलवायची. तेही दुपारी, आजी झोपल्या की. म्हणायची, मेस्त्री, आवाज करू नका, त्यांना कळायला नको. सकाळी बसतील तेव्हा चाक फिरलं पाहिजे." ते हसले. "अशी सून मी नाही बघितली हो."

बोलता बोलता त्यांनी चाकाचा दांडा बसवला, कुपीतून दोन थेंब मशीनचं तेल सोडलं आणि चाकाला नुसतं बोट लावलं. चाक फिरत राहिलं. एवढासाही आवाज नाही.

मी तिथल्या बाकड्यावर बसले. आईला विसर पडत होता? मी दर रविवारी जात होते. आई केस विंचरून, अबोलीचा वळेसर घालून, इस्त्रीच्या साडीत बसलेली असायची. ह्यांची साखर कशी आहे विचारायची, मुलाची परीक्षा कधी विचारायची. मग वहिनीच बोलत राहायची. मला वाटायचं, ही बया आईला दोन शब्द बोलू देत नाही. आणि निघण्याआधी फोन करून ये, हा एक नियम झाला होता. माहेरी जायलासुद्धा हिची परवानगी, म्हणून मी त्यावरही जळले होते. शेवटच्या चार दिवसांत आई काहीबाही बोलली, ते आम्ही पडल्यावर आलेल्या तापावर ढकललं.

मला लाज वाटायला हवी होती. वाटली, पण नंतर. त्या बाकड्यावर आधी वाटला तो मत्सरच. आईचा शहाणपणा तर हिच्या वाट्याला आला होताच, आता तिचं वेडही हिलाच मिळालं होतं.

तिथूनच रिक्षा केली आणि पूल ओलांडला. फोन केला नाही. वहिनी पडवीत तिच्या विजेवरच्या मशीनवर कुणाचा तरी ब्लाऊज शिवत होती. मला बघून तिनं सवयीनं घड्याळाकडे पाहिलं.

"मेस्त्री भेटले," मी म्हटलं.

तिनं मशीन बंद केलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"आईंनी शपथ घातली होती," ती म्हणाली. "सुरुवातीला, त्यांचं त्यांना कळत होतं तेव्हा. म्हणाल्या, तिला कळता उपयोगी नाही. ती शिकलेली आहे, तिच्यासमोर मी वेडी दिसायची नाही. मग तुमचा फोन आला की आमची धावपळ. आंघोळ, केस, साडी. आणि मी विचारायचे, जावयांना काय झालंय? साखर. नातवाचं काय आहे? परीक्षा. पाढे म्हणून घ्यावेत तसं म्हणून घ्यायचे त्यांच्याकडून. तुम्ही पायरी उतरलात की त्या दमून झोपायच्या, ते थेट संध्याकाळपर्यंत."

"आणि गणपतीत सगळ्यांसमोर 'चुकलं माझं' म्हणालीस?"

"मग काय म्हणू? आईंनी घातलं म्हणू? मावशींसमोर?"

शहाण्या माणसानं इथे तिचा हात धरला असता. मी म्हटलं, "म्हणजे सगळं तुलाच मिळालं. मला नुसती रविवारची आई."

बोलल्यावर माझं मलाच ते ऐकू आलं. पण शब्द गेले होते. वहिनीचा चेहरा बदलला. तीस वर्षांत पहिल्यांदा मी तिला चिडलेली बघत होते.

"मिळालं?" ती म्हणाली. "काय मिळालं हो मला? तुम्हाला सांगू, वन्सं? लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या बाजूला बसले. काजं केली, हातशिलाई केली, त्यांचं दुखलंखुपलं बघितलं. आणि शेवटचं दीड वर्ष त्या माझं नाव विसरल्या. तुमच्या दादांचं नाही विसरल्या. तुमचं नाही विसरल्या. माझंच तेवढं. मला तुमच्या नावानं हाक मारायच्या. मशीनवर बसल्या की हात पुढे करायच्या आणि तुमचं नाव घ्यायच्या, कात्री दे म्हणून."

मी पडवीच्या पायरीवर बसले.

"आधी मी सांगायचे, आई, मी ती नव्हे, मी सून तुमची. की रडायला लागायच्या. ती कुठे गेली, तिला बोलवा. तुम्ही आदल्याच दिवशी येऊन गेलेल्या असायच्या. मग मी सांगायचं सोडलं. मग मी ओ द्यायला लागले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "ते मशीन बघितलं की मला तुमचं नाव ऐकू यायचं. जाम झालं म्हणून नाही दिलं मी तुम्हाला. मेस्त्रींचा नंबर आहे माझ्याकडे. मला ते घरात नको झालं होतं."

मला तिच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही असेल. पण खरं सांगायचं तर पोटातून वर आला तो आनंद. शुद्ध, हलकट आनंद. आईनं मला हात लावू दिला नव्हता त्या मशीनवर बसून शेवटी ती माझ्याकडे कात्री मागत होती. आणि लगोलग त्या आनंदाला नख लागलं, कारण कात्री द्यायला मी नव्हते. माझ्या नावाला हिनं ओ दिली होती. रोज. मी पुलाच्या अलीकडे बसून मनात कुढत असताना.

आईच्या तोंडून माझं नाव कसं यायचं ते आठवायचा मी प्रयत्न केला. रविवारी ती मला नुसतं "ये गो" म्हणायची. नावानं हाक मारलेली आठवेना. लहानपणचीसुद्धा नीट आठवेना.

"वहिनी," मी म्हटलं, "कशी मारायची गो हाक? एकदा म्हणून दाखव ना. तिच्यासारखी."

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. ह्या बाईनं मला कधी नाही म्हटलेलं नव्हतं. जेवायला थांबा म्हणाली, पापड न्या म्हणाली, मशीन न्या म्हणाली, सगळ्यांसमोर माझा मार खाऊन चुकलं माझं म्हणाली.

"नाही हो वन्सं," ती म्हणाली. "तेवढं राहू दे माझ्याकडे."

आणि ती चहाचं आधण ठेवायला आत गेली.